नोनी टाल्टीची उडी

"आधी चहा घे," मी म्हणाले.

"आधी पेटी उघड," मॅलकी म्हणाला.

शॅनन बिचारी आमच्या दोघांच्या मध्ये उभी. बोस्टनहून निघाल्यापासून तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि हातातली काळी पेटी तिने अजून खाली ठेवली नव्हती. माझ्या चुलतभावाची ही मुलगी. शॅनन हे आमच्या नदीचं नाव. इथे ते कुणी पोरीला ठेवत नाही, अमेरिकेत गेलेले ठेवतात. पोर गोड होती. पण त्या पेटीत काय आहे ते मला माहीत होतं, मॅलकीला माहीत नव्हतं, आणि ती पेटी उघडलेली बघायची म्हणून तो पंचेचाळीस वर्षं थांबला होता. म्हणून मी चहाचा आग्रह धरला. चहाने काही टळत नाही, पण दहा मिनिटं मिळतात.

मॅलकीने सकाळपासून तीनदा हात धुतले होते. वार बुधवार, आणि अंगात रविवारचा कोट.

"शॅनन, तुझी आजी म्हणजे या अख्ख्या किनाऱ्यावरची सगळ्यात मोठी वादक," तो म्हणाला. "माझं ऐकू नकोस. कुणालाही विचार."

"विचारायला उरलंय कोण?" मी म्हणाले.

"नूला, तू ब्रेड काप."

मी ब्रेड कापायला घेतला, आणि शक्य तितक्या पातळ फोडी केल्या.

चहा मुरेपर्यंत मागचं सांगून घेते. माझा नवरा मॅलकी किलीन हा रस्त्यावरचा कामगार. आमच्या भागातल्या रस्त्यांचे खड्डे बुजवण्यात त्याची अडतीस वर्षं गेली. एक हातगाडी, एक फावडं आणि एक सायकल. पण क्लूनबेगमध्ये कुणालाही विचारा, मॅलकी किलीन कोण, तर खड्ड्यांचं नाव कुणी काढणार नाही. फिडलवाला, असंच म्हणतील. व्हायोलिन म्हटलेलं त्याला खपत नाही. व्हायोलिन टाय लावून वाजवतात म्हणे, फिडल बाह्या वर करून.

नोनी टाल्टी माझी काकू. दर रविवारी चर्चमधून आलं की तिच्या स्वयंपाकघरातली टेबलं-खुर्च्या अंगणात जायची आणि चार-चार जोड्या नाचायच्या. नोनीकाकू चुलीशेजारी बसून वाजवायची. सगळं गाव यायचं; फक्त किलीन यायचे नाहीत. माझ्या आजोबांच्या काळात किलीनांच्या गाढवाने टाल्टींची कोबी खाल्ली होती, तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद. गाढव मरून तीस वर्षं झाली होती. भांडण मात्र खाऊनपिऊन सुखी होतं.

मॅलकीला तर नोनीचं वाजवणं हवं होतं. घरात शिरायची सोय नाही. मग त्याने काय करावं? तिच्या घरासमोर रस्त्याचं वळण आहे, वळणाला फ्यूशियाच्या फुलझाडांचं दाट कुंपण आहे. त्या वळणावर एक खड्डा पडला. मॅलकी तो बुजवायला आला, आणि दोन वर्षं बुजवतच राहिला. आठवडाभर बुजवायचा, शनिवारी संध्याकाळी येऊन स्वतःच उकरायचा, आणि रविवारी फावडं घेऊन हजर. रविवारी कोण सरकारी मजूर कामावर येतो? पण आमचे वडील म्हणायचे, किलीन असले तरी कष्टाळू आहेत हो.

फावड्यावर हनुवटी टेकून तो ऐकायचा. मग एक धून डोक्यात भरून सायकलवरून चार मैल घरी. वाटेत कुणी हाक मारली तरी ओ द्यायचा नाही, धून सांडेल म्हणून. पुष्कळांना तो गर्विष्ठ वाटायचा.

कुंपणाखालून मला सायकलचं मागचं चाक दिसायचं. मी एकोणीस वर्षांची होते. एक रविवार चाक दिसलं नाही तर माझ्या पायांचा ताल चुकला, तेव्हा मला कळलं की मी कुणासाठी नाचत होते.

त्या सगळ्या धुनांत एक होती, जलद, नाचायची. तिला नाव नव्हतं. दुसऱ्या भागात ती खाली खाली उतरत जायची, आणि आता तळाला टेकणार असं वाटत असताना नोनी एकदम वर उडी मारायची. चिमणी जमिनीला टेकता टेकता उडते तशी. त्या क्षणी आठही नाचणारे टाच उचलून फरशीवर आपटायचे. मॅलकी त्या उडीसाठी वेडा झाला. पुढे त्याच्या हातून ती उडी गावभर झाली. लग्नात, नामकरणात, हॉलमध्ये, जिथे म्हणून मॅलकीने वाजवलं तिथे लोक त्या जागी टाच मारायला लागले. दुसरीकडचे वादक म्हणायचे, धून इथे खाली जाते, तुम्ही चुकताय. त्यात पहिला पॅकी मरोनी. हा मॅलकीचा जानी दोस्त, बासरीवाला, शेजारच्या गावचा. चाळीस वर्षं दोघं एका बाकावर बसून वाजवतायत आणि चाळीस वर्षं पॅकी म्हणतोय, "चूक आहे ती!"

"चूक नाही," मॅलकी म्हणायचा. "ती नोनीची बुद्धी आहे. साधा माणूस खाली जातो. नोनीला वरची वाट दिसली."

असलं भाषण तो चर्चच्या पायऱ्यांवरही देऊ शकायचा. दिलेलं आहे.

"झाला चहा," शॅनन म्हणाली, आणि तिने पेटी उघडली.

आत पिठाच्या जुन्या पिशवीत गुंडाळलेली फिडल होती. शॅननने पिशवी सोडली. मॅलकी वाकला. मी खिडकीतून कोंबड्या मोजू लागले.

फिडलला तीन तारा होत्या. चौथी, खर्जाची, नव्हती. तिच्या खुंटीच्या भोकात बाटलीचं बूच कोंबलेलं होतं, काळं पडलेलं.

"तार कुठाय?" मॅलकीने विचारलं.

"कधीच नव्हती," शॅनन हसून म्हणाली. "बाबा गंमत सांगायचे. त्यांच्या लहानपणीच तुटली होती. आजी म्हणायची, एनिसला जाईन तेव्हा आणीन. एनिस बावीस मैल. ती बोस्टनला गेली, पण एनिसला काही गेली नाही."

मॅलकी हसला नाही. त्याने ते बूच बोटाने चाचपलं. मग त्याची डाव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर हलू लागली. धून दुसऱ्या भागात शिरली, खाली उतरली, त्या जागेपर्यंत आली, आणि बोटं थांबली.

"तिला खाली जाताच येत नव्हतं," तो म्हणाला.

तो माझ्याकडे वळला.

"नूला. तुला माहीत होतं?"

"तिच्या गजाला राळ मीच लावायचे," मी म्हणाले. "माहीत होतं."

"पंचेचाळीस वर्षं?"

"तू कधी विचारलं नाहीस."

"मी काय विचारायचं? 'नूला, मोठ्या वादकांच्या फिडलला तारा किती असतात?' असं?" त्याने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि तो कोंबड्यांकडे निघून गेला.

खरं सांगते, लग्नाच्या पहिल्याच महिन्यात मी सांगणार होते. तो चुलीशी बसून वाजवत होता, उडी आली, त्याने डोळे मिटले आणि त्याचा चेहरा असा झाला की मी शब्द गिळला. एकदा गिळला की दरवर्षी तो जड होत जातो. आणि नोनीकाकू आमच्या लग्नाआधीच बोस्टनला गेली होती, मुलाकडे, फिडल घेऊन. तेव्हा पकडलं जायची भीतीही नव्हती.

ती गेली त्या दिवशी मॅलकी वळणावर होता. भाड्याची मोटार खड्ड्यापाशी हळू झाली. काकूने काच खाली केली. जन्मात ती त्याच्याशी एकदाच बोलली, ते तेव्हा.

"बुजव आता तो खड्डा, किलीनच्या," ती म्हणाली. "मी चालले."

त्या संध्याकाळी त्याने खड्डा बुजवला, दगड, खडी, डांबर, सगळं नीट. पुन्हा उकरला नाही.

त्या रात्री आमच्या घरात फक्त घड्याळ बोललं. गुरुवारी त्याने आपली फिडल खिळ्यावरून काढली आणि ती धून खाली जाणारी वाजवली. पुस्तकात असते तशी. एकदा, दोनदा. ऐकायला बरी होती, नाही असं नाही. पण शेजारणीने कुंपणावरून विचारलं, "मॅलकीला बरं नाहीये का?"

संध्याकाळी तो मला म्हणाला, "रविवारी मी वाजवणार नाही."

माझ्या हातातली बशी तशीच राहिली. रविवारी गावच्या हॉलच्या नव्या लाकडी फरशीचं उद्घाटन होतं. दुपारी तीनला पहिला नाच, आणि पहिल्या नाचाला मॅलकी, हे ठरलं होतं. त्याच्याशिवाय क्लूनबेगमध्ये पहिला नाच कधी झालेला नाही.

"वाजवणार नाही म्हणजे?"

"एका बुचाची पूजा केली मी आयुष्यभर. अख्ख्या गावाला चुकीचं शिकवलं. पॅकी खरं बोलत होता." मग हळूच म्हणाला, "अडतीस वर्षं रस्ते नीट केले ना मी? ते तेवढं बरं झालं."

मी त्याच्याशी पुष्कळ भांडले आहे, पण असं बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं ते मला ठाऊक नव्हतं. मी त्याच्यापुढे बटाटे आणि डुकराचं खारवलेलं मांस ठेवलं. त्याने बटाटे खाल्ले.

शुक्रवारी त्याने नोनीची फिडल मागून घेतली. मोडलेलं दिसलं की नीट करायचं, हा त्याचा धर्म. बूच काढलं, लाकडाची नवी खुंटी तासली, चौथी तार चढवली. आणि शनिवारी शॅननला समोर बसवून, पोरगी बऱ्यापैकी वाजवते, तिला ती धून शिकवली. खाली जाणारी.

"तुझ्या आजीला हीच वाजवायची होती," तो तिला म्हणाला. "उद्या तू वाजव. पॅकी असेल जोडीला."

शॅननने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. एकदा गप्प राहून झालं होतं, आता बोलायला तोंड कुठलं?

रविवारी हॉल भरला. नव्या लाकडाचा वास, सँडविचची ताटं, फादरांचं लांबलेलं भाषण. मॅलकी भिंतीपाशी शेवटच्या खुर्चीवर, टोपी गुडघ्यावर. येणारा प्रत्येक जण विचारत होता, "तू इथे काय करतोयस?" तो म्हणायचा, "ऐकतोय."

पॅकी बासरी पुसत माझ्याजवळ आला. "त्याला म्हणावं, मी जिंकलो तर जिंकलो, पण असं नको," तो म्हणाला. "चाळीस वर्षं भांडलो. आता हा मान्य करून बसला, तर मी करू काय?"

चार जोड्या उभ्या राहिल्या. मी पोस्टमास्तर गसी लिनहनच्या जोडीला. शॅननने गज उचलला, पॅकीने बासरी ओठाला लावली, आणि धून सुरू झाली. पोरीचा हात सुरेख. पहिला भाग गेला, फिरून गेला. दुसरा भाग सुरू झाला. खाली, खाली, खाली. आणि त्या जागी आम्ही आठही जणांनी टाच उचलली.

शॅनन खाली गेली.

आमच्या टाचा तशाच वर. काही हळू आपटल्या, काही आपटल्याच नाहीत. गसी लिनहन सहा फूट तीन इंच. तो तोल जाऊन नव्या फरशीवर बसला, आणि त्याच्या अंगावर मी. मागची जोडी आमच्यावर. उद्घाटन झालं म्हणायचं. आणि या सगळ्या गोंधळात एकच सूर वर, छताशी एकटा लटकत होता. पॅकीची बासरी. तिने उडी मारली होती.

पॅकीने बासरी ओठावरून काढली आणि तो ओरडला, "पोरी, खाली कुठे गेलीस? तिथे कुणी नाहीये!"

आधी लहान पोरं हसली. मग सगळा हॉल. फादर खुर्चीला धरून हसत होते.

"पॅकी मरोनी," मी फरशीवरूनच विचारलं, "चाळीस वर्षं तूच ना म्हणतोयस ती चूक आहे?"

"चूकच आहे!" पॅकी म्हणाला. "पण वाजवू नका असं मी कधी म्हटलं?"

मी उठले, झगा झटकला आणि भिंतीकडे गेले. मॅलकी हसत नव्हता. तो उभा होता. टोपी खाली पडली होती, ते त्याला कळलं नव्हतं.

"मॅलकी," मी म्हणाले, "मी सांगायला हवं होतं. चुकलं माझं. पण आता ऐक. तार नव्हती हे मला माहीत होतं. ती उडी मारते हे मला माहीत नव्हतं. मी त्याच खोलीत नाचत होते, टाच मारत होते, आणि मला त्यात काही दिसलं नाही. ती उडी पहिल्यांदा ऐकली ती तू. कुंपणापलीकडून."

त्याने माझ्याकडे बघितलं. असं त्याने एकोणीस वर्षांच्या मुलीकडे बघितलं असतं, पण तेव्हा मध्ये कुंपण होतं.

"तार तुटली तर दुसरा कुणी थांबला असता, नूला," तो म्हणाला. "मी थांबलो असतो. तिला खाली जागा नव्हती, म्हणून ती वर गेली."

"मग जा की."

तो गेला. शॅननच्या हातून त्याने नोनीची फिडल घेतली. परवा स्वतः तासलेली खुंटी सैल केली, नवी तार काढली, तिचं वेटोळं केलं आणि वास्कटाच्या खिशात ठेवलं. मग बाह्या वर केल्या.

"पॅकी, तयार?"

"चुकायला? चाळीस वर्षं तयार आहे."

त्या दुपारी आम्ही ती धून किती वेळा नाचलो ते कुणी मोजलं नाही. दर वेळी ती जागा आली की अख्खा हॉल, बसलेले, उभे, सँडविच खाणारे, फादरसुद्धा, टाच मारत होता. मॅलकीचे डोळे मिटलेले होते. मी तर रडत होते, आणि गसी लिनहनला वाटलं पाय मुरगळला. मुरगळला होताच, पण ते दुसऱ्या दिवशी कळलं.

शॅनन अजून आठवडाभर होती, नोनीकाकूच्याच घरात. ते आता माझ्या भाच्याचं आहे आणि रिकामंच असतं. शनिवारी ती परत जाणार. फिडल तिच्याबरोबर जाणार, तीन तारांची. मॅलकीने भोकात पुन्हा बूच बसवून दिलं, तेच जुनं, त्याने टाकलं नव्हतं. शुक्रवारी दुपारी मी तिला विमानात खायला ब्रेड द्यायला गेले. ती चुलीशेजारी बसून वाजवत होती. मी ब्रेड टेबलावर ठेवला आणि सहज खिडकीतून बघितलं.

फ्यूशियाच्या कुंपणाखाली सायकलचं मागचं चाक दिसत होतं.

मी बाहेर गेले. मॅलकी वळणावर उभा होता, टोपी हातात, हनुवटी सायकलच्या सीटवर. आता फावडं नव्हतं.

"आत का येत नाहीस?" मी विचारलं. "गाढव केव्हाच मेलंय."

त्याने बोट ओठावर ठेवलं. आत धून दुसऱ्या भागात शिरली होती. खाली उतरत होती. आम्ही दोघं थांबलो. पोरीने उडी मारली. माझी टाच आपोआप आपटली, त्याची नाही. तो ऐकत होता.

"आत गेलो तर वाजवणारी दिसेल," तो मग म्हणाला.

मी त्याच्या शेजारी उभी राहिले. पंचेचाळीस वर्षांत मी कुंपणाच्या या बाजूला उभं राहून कधी ऐकलं नव्हतं. इथून खरंच वेगळं ऐकू येतं.

धून संपली तेव्हा त्याने खाली बघितलं. वळणावरचं ते डांबर मध्यभागी थोडं खचलं आहे, त्यात सकाळचं पाणी साचलं होतं. त्याने बुटाच्या टोकाने कड चाचपून पाहिली. एक सैल खडा निघाला. तो त्याने उचलला, हातात थोडा वेळ धरला, आणि कुंपणाखाली टाकून दिला.